आजीची कवळी

"या अंकासाठी कशावर लिहिणार आहेस?" असं आमच्या वाङ्मय मंडळाच्या संपादक ताईनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "कवळीवर." तिला ऐकू आलं "कवितेवर". ती खूश झाली. खुलासा केल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अगं, साहित्याची विद्यार्थिनी ना तू?" म्हणाली. मी म्हटलं, होय, म्हणूनच. ही गोष्ट दातांची आहेच, पण थोडी भाषेचीही आहे.

गेल्या जुलैमधली गोष्ट. बेळगावचा जुलै ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. आठ-आठ दिवस ऊन नाही, दोरीवरचे कपडे आंबट वास मारतात, भिंतींना ओल येते. आजीला आधी बारीक खोकला झाला, मग ताप. आजी 79 वर्षांची. मम्मी काढा देत होती, पापा "उद्या बघू" म्हणत होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी आजीनं मला आत्याच्या नावानं हाक मारली आणि विचारलं, "शाळा सुटली काय गे?" तेव्हा मात्र आम्ही घाबरलो. भर पावसात रिक्षा करून तिला दवाखान्यात नेलं. एक्स-रे काढला. न्यूमोनिया. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात.

ऑक्सिजनचा मास्क लावायच्या आधी नर्स म्हणाली, "आजी, कवळी काढा बघू." आजीनं मान हलवली. एवढ्या तापातही तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. नर्स बिचारी सवयीची होती. तिनं पापांना आणि मम्मीला बाहेर जायला सांगितलं. माझा हात आजीनं धरून ठेवला होता म्हणून मी तिथंच राहिले. नर्सनं हातमोजा घातला, अंगठ्यानं वर दाब दिला, 'चप्प' असा आवाज झाला आणि वरची कवळी बाहेर आली. मग खालची.

मी आजीला पहिल्यांदाच बोळक्या तोंडानं बघत होते. आठ वर्षं आम्ही एका खोलीत झोपतो, आणि मी पहिल्यांदा बघत होते! गाल आत गेले होते, हनुवटी नाकाकडे सरकली होती. ती माझ्याकडे बघेना. तिनं तोंड भिंतीकडे केलं.

नर्सनं कवळी उलटी करून मला दाखवली. टाळूला चिकटते त्या बाजूवर पिवळट पांढरा थर होता. चकाकणारा, चिकट. आमच्या घरी येशूच्या तसबिरीपुढं फुलदाणी असते. तिच्यातलं पाणी आठवडाभर बदललं नाही की जो वास येतो, तो वास. नर्सनं आजीच्या तोंडात टॉर्च मारला. टाळू लालभडक होता, आणि तो लाल भाग बरोबर कवळीच्याच आकाराचा होता, जणू कुणी कवळी ठेवून कडेनं पेन्सिल फिरवलीय.

"रात्रीपण घालूनच झोपतात काय?" नर्सनं विचारलं.

मला उत्तर माहीत नव्हतं. दोन हातांवरच्या खाटेवर झोपणाऱ्या नातीला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावून सांगितलं. झोपेत आपल्या सगळ्यांचीच थोडी थोडी लाळ श्वासनळीत उतरत असते. तरुणपणी खोकला येतो, फुफ्फुसं ते निस्तरतात. म्हातारपणी गिळणं मंदावतं, खोकल्यात जोर राहत नाही. मग लाळेबरोबर तोंडातले जंतू खाली जातात. उजवी श्वासनलिका डावीपेक्षा रुंद आणि सरळ असते, म्हणून बऱ्याचदा उजवीकडे. "कवळीमुळंच न्यूमोनिया झाला असं मी छातीठोक सांगणार नाही," ते म्हणाले. "पावसाळा आहे, वय आहे, शुगर आहे. पण तोंडात जंतूंचा कारखाना चालू ठेवून रोज रात्री झोपायचं, हे काही बरं नाही."

कवळी एका डबीत घालून माझ्याकडे दिली होती. ती घरी नेऊन लगेच धुवायला हवी होती. मी ती आधी कॉलेजला नेली. आमच्या कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकणारी माझी मैत्रीण आहे. (डबी उघडल्यावर ती जे बोलली ते ई-अंकात छापण्यासारखं नाही.) तिनं सरांची परवानगी काढली, त्या थराचा कणभर अंश काचपट्टीवर पसरला, रंग दिला आणि मला म्हणाली, "बघ, तुझ्या आजीचं गाव."

मी डोळा लावला. सगळीकडे जांभळे ठिपके. काही माळेसारखे ओळीनं लागलेले, काही द्राक्षांच्या घडासारखे, आणि गुलाबी काड्याही. त्यांच्यात मधूनमधून मोठे, अंडाकृती ठिपके होते. एकाच्या अंगाला छोटा कोंब फुटला होता. "हे यीस्ट," मैत्रीण म्हणाली. "दिसायला कँडिडासारखं आहे. बुरशीच ती. कवळीखालचा टाळू लाल होतो त्यात बहुतेक वेळा हिचा हात असतो. आणि गंमत म्हणजे पुष्कळदा दुखत नाही. म्हणून माणसाला कळतच नाही."

माझा समज असा होता की जंतू म्हणजे धुळीसारखे, येतात, पाण्यानं निघून जातात. मैत्रिणीनं तो दूर केला. कवळी ज्या ॲक्रिलिकची बनवतात ते आपल्याला गुळगुळीत वाटतं, पण त्याच्यावर बारीक छिद्रं आणि ओरखडे असतात. कवळी तोंडात घातली की लाळेतल्या प्रथिनांचा पातळ लेप तिच्यावर बसतो. त्याला पहिले जंतू चिकटतात. चिकटले की ते आपल्याभोवती साखरेचा आणि प्रथिनांचा डिंक तयार करतात. त्या डिंकाला दुसरे जंतू चिकटतात, त्यांना तिसरे. एकाचं उरलंसुरलं दुसरा खातो. हळूहळू मजल्यांवर मजले चढतात, आत पाणी आणि अन्न फिरायला वाटाही राहतात. याला म्हणतात बायोफिल्म. एकटादुकटा जंतू ज्या औषधानं सहज मरतो, तेच औषध या वस्तीला फारसं काही करत नाही. वरचे मरतात, आतले राहतात. डिंकातून औषध नीट झिरपत नाही, आणि तळातले कित्येक जंतू सुस्त पडून असल्यामुळं औषधाला दाद देत नाहीत. म्हणून नुसती चूळ भरून काही होत नाही. घासायलाच लागतं.

सरांनी मग एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात लेवेनहुक नावाचा कापडाचा व्यापारी होता. स्वतः भिंगं घासून सूक्ष्मदर्शक करायचा. 1683 मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. त्यात स्वतःच्या दातांवरचं कीटण खरवडून बघितल्याचं वर्णन होतं, आणि जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडातले जिवाणू बघितल्याचंही. त्यानं व्हिनेगर लावूनही पाहिलं. त्याच्या ध्यानात आलं की कीटणाच्या बाहेरचे जीव मरतात, आतपर्यंत व्हिनेगर पोचतच नाही. म्हणजे बायोफिल्म हा शब्द जन्माला यायच्या कितीतरी आधी एका कापडवाल्यानं त्याचं मर्म ओळखलं होतं.

त्या रात्री मी मोबाइलवर वाचत बसले. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची संख्या मोठी, त्यामुळं या विषयावर तिथं बरंच काम झालंय. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 85 वर्षांच्या वरची 524 माणसं होती. तीन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका इतरांच्या दुपटीहून जास्त निघाला. त्याच्याही आधी, 1999 मध्ये, तिथल्याच 11 वृद्धाश्रमांतल्या पाहणीचा अहवाल आला होता. जिथं कुणीतरी रोज म्हाताऱ्यांचं तोंड नीट साफ करून देत होतं तिथं दोन वर्षांत 11 टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, जिथं देत नव्हतं तिथं 19 टक्के. औषध नाही, मशीन नाही. कुणीतरी रोज तोंड साफ करून देतं, एवढंच.

हे वाचून मला राग आला. आधी आजीचा, मग तो डॉक्टरांवर गेला. कवळी बसवून दहा वर्षं झाली, तेव्हा कुणी सांगितलं कसं नाही? मी मम्मीला विचारलं. मम्मीनं कपाटातली जुनी फाइल काढली. त्यात सूचनांचा कागद होता. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला कन्नड. 'रात्री कवळी काढून पाण्यात ठेवावी' हे इंग्रजीत दुसऱ्याच ओळीत होतं. आजी मराठी चौथीपर्यंत शिकलेली. प्रार्थनेचं पुस्तक आणि पेपर रोज वाचते. तो कागद तिनं दहा वर्षं जपून ठेवला होता, एकदाही न वाचता. त्याच घरात मी इंग्रजी आणि मराठी दोन्ही येणारी मुलगी. वर्गात भाषांतराच्या अडचणींवर मोठमोठं बोलणारी. हे कळल्यावर राग कुणावर काढायचा तेच कळेना.

दहा दिवसांनी आजी घरी आली. टाळूसाठी मलम दिलं होतं, आणि सांगितलं होतं की कवळीही सोबत साफ झाली पाहिजे, नाहीतर टाळू बरा होऊन पुन्हा तिथूनच बिघडणार. पापांनी तिला एका डेंटल कॉलेजच्या ओपीडीत दाखवलं. तिथल्या शिकाऊ डॉक्टरणीनं कवळी उजेडात धरली आणि विचारलं, "आजी, कशानं घासता?" आजी म्हणाली, "लाल दंतमंजन. आणि कडक ब्रश." कामसू बाई ती, मन लावून घासत होती. पण दंतमंजनातल्या भरड कणांनी कवळीवर ओरखडे पडले होते, आणि त्या ओरखड्यांतच जंतूंना घर मिळालं होतं. शिवाय इतक्या वर्षांत हिरड्या झिजल्यामुळं कवळी सैल झाली होती. आतून नवा थर देऊन ती नीट बसवून मिळाली.

घरी येऊन मी एक तक्ता केला. मोठ्या अक्षरात, मराठीत. जेवल्यावर कवळी काढून धुवायची. मऊ ब्रश आणि साधा साबण, दंतमंजन नको, टूथपेस्टही नको. खाली पाण्यानं भरलेली पाटी ठेवायची, हातातून सटकली तरी फुटणार नाही. उकळतं पाणी नको, आकार बिघडतो. टाळू, हिरड्या आणि जीभ ओल्या मऊ फडक्यानं पुसायची. रात्री कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवायची, पाणी रोज बदलायचं.

बायोफिल्मला काय लिहावं यावर अडले. 'जैवपटल' लिहिलं, खोडलं. मग आजीलाच विचारलं, "आजी, माठाला आतून धरतं ते काय गे?" ती म्हणाली, "बुळबुळ. आठ दिवसांनी काथ्यानं घासला नाही तर धरते की." मी तक्त्यावर लिहिलं, 'माठाला बुळबुळ धरते तशी कवळीलाही धरते.' आजीनं तक्ता वाचला. दोनदा वाचला. म्हणाली, "असं आहे होय! मग हे कुणी आधी का सांगितलं नाही?"

मला वाटलं, जिंकलं. सगळं पटलं तिला. त्या रात्री दिवा मालवायच्या आधी मी झाकणाचा डबा घेऊन तिच्या खाटेपाशी गेले. तिनं डबा बाजूला सरकवला.

"दिवसा दहादा घाशीन. रात्री काढायची नाही."

मी समजावलं. जपान सांगितलं, फुफ्फुस सांगितलं. सांगून सांगून दातांच्या कण्या झाल्या, माझ्या! ती ऐकेना. शेवटी मी जरा आवाज चढवला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तुझे आजोबा आठवतात काय तुला?"

मी सातवीत होते तेव्हा आजोबा गेले. दवाखान्यात, पहाटे. अतिदक्षता विभागात नेताना त्यांची कवळी काढली होती, ती कागदात गुंडाळून कुणीतरी कुठंतरी ठेवली, आणि ती सापडलीच नाही. घरी आणलं, पेटीत ठेवलं, कॅम्पातली, गावाकडची माणसं आली. मला फुलं आठवतात, मेणबत्त्यांचा वास आठवतो. आजीला काय आठवतं ते मला त्या रात्री कळलं.

"तोंड पार आत गेलेलं," ती म्हणाली. "मी बाजूला बसलेली. माणसं येऊन बघून जायची. मला वाटायचं, सांगावं एकेकाला, हे असे नव्हते हो. पन्नास वर्षं ज्याच्याबरोबर काढली तो माणूस तो नव्हताच. शेवटचं बघणं ते, आणि दुसऱ्याच कुणाला बघितल्यासारखं झालं." थोड्या वेळानं म्हणाली, "मला रात्रीच न्यायचं असेल तर देव रात्री नेईल. मी तयार असायला नको?"

आजोबा गेल्यावर आजीला सोबत म्हणून मी तिच्या खोलीत झोपायला आले. म्हणजे आठ वर्षं ती रोज रात्री तयार होऊन झोपत होती. आम्ही दात घासून झोपतो, ती दात घालून झोपत होती. हे कुठल्याच सूचनांच्या कागदात नव्हतं. इंग्रजीत नव्हतं, कन्नडमध्ये नव्हतं, आणि माझ्या मराठी तक्त्यातही नव्हतं.

मला काय बोलावं सुचेना. मग सुचलं ते बोलले. "आजी, मी इथंच असते की नाही? तुला काही झालं तर मी पहिली कवळी घालीन. मग पापांना उठवीन. कुणाला आत सोडायच्या आधी."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शपथ घे."

शपथ घ्यायची नसते असं तीच आम्हाला लहानपणी शिकवायची. मी घेतली.

"डबा हरवला तर?"

डब्यावर मी तिचं नाव लिहिलं. तरी तिचं समाधान होईना. "तुला घालायला येते काय?" येत नव्हती. मग रात्री साडेदहा वाजता आजीनं मला कवळी घालायला शिकवलं. आधी ओली करायची. आधी वरची, मग खालची. दोन्ही अंगठ्यांनी मागं दाबायचं. माझी पहिली खेप चुकली तेव्हा ती खदखदून हसली, बोळक्या तोंडानं. "उलटी घालशील आणि फादरांना घाबरवशील," म्हणाली.

तेव्हापासून आजी रात्री कवळी काढते. जपमाळेच्या आधी काढायला अजून तयार नाही. म्हणते, मरियेशी बोलताना नीट उच्चार पाहिजेत. व्याकरणात आम्ही त, थ, द, ध हे दंत्य वर्ण म्हणून पाठ केले होते. दंत्य म्हणजे काय ते मला आता कळलं. माळ संपते, डबा उघडतो, 'चप्प' आवाज होतो, आणि त्यानंतर आजी जे बोलते त्यातले सगळे दंत्य वर्ण मऊ होतात. माझं नावसुद्धा.

एकदा मी तिला संत अपोलोनियाची गोष्ट सांगितली. अलेक्झांड्रियाची. इसवी सन 249 मध्ये छळ करणाऱ्यांनी तिचे दात तोडले होते. दातांच्या दुखण्यात तिचा धावा करतात, 9 फेब्रुवारीला तिचा सण. चित्रांत तिच्या हातात चिमट्यात धरलेला दात असतो. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिचे श्रद्धेपायी गेले. माझे कुंद्यापायी."

तक्ता अजून आरशाशेजारी आहे. डेंटल कॉलेजच्या त्या शिकाऊ डॉक्टरणीला दाखवला तेव्हा तिनं मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला. म्हणाली, मराठी बोलणारे पेशंट खूप येतात, लावते भिंतीवर. माझं आजवरचं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं लेखन बहुधा तेच असेल.

तुमच्याही घरात कुणाची तरी कवळी असेल. आज रात्री विचारून बघा, काढून झोपता काय? "नाही" म्हणाले तर लगेच शिकवू नका. आधी "का?" विचारा.

पुन्हा जुलै येईल, पाऊस लागेल. महिन्यातून एकदा, आपण होऊन, आजी मला म्हणते, "ये गे बाय, परत एकदा घालून दाखव." मी हात धुते. ती तोंड उघडते.